ब्लूज एनीटाइम: क्लॅप्टन, बेक, पेज आणि कव्हरवर नाव न आलेले बाकीचे

रीळवाला

नमस्कार मंडळी. बीटल्सवर इथे दर थोड्या दिवसांनी धागा निघतो, पण त्याच लंडनमधे त्याच वर्षांत जी ब्लूजवाली (ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत) पोरं गिटार वाजवत होती त्यांच्यावर शोधून काही सापडलं नाही, म्हणून हा धागा काढतोय. लांबेल, आधीच सांगतो.

विषय आहे 'ब्लूज एनीटाइम' हे संकलन. लंडनच्या इमिजिएट रेकॉर्ड्सने १९६८ पासून ते भागाभागाने बाजारात आणलं. यातली गाणी तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या कानावरून गेलेली असणार पण दुसऱ्याच नावाखाली, कारण इमिजिएट १९७० मधे बुडाली आणि मग तिची रेकॉर्डिंग्ज या कंपनीकडून त्या कंपनीकडे अशी फिरतच राहिली. १९७१ मधे आरसीएने त्यातलीच काही घेऊन 'गिटार बूगी' काढली, ऐंशीच्या दशकात 'व्हाइट बॉय ब्लूज' आली, आणि सीडीच्या जमान्यात तर कोणीही उठावं आणि तीच पंधरावीस गाणी नवीन कव्हर घालून विकावीत असं झालं. कव्हरवर नावं मात्र कायम तीनच, एरिक क्लॅप्टन, जेफ बेक, जिमी पेज. नवीन माणूस बिचारा तिघं एकत्र वाजवतायत असं समजून घेतो. तसं यात एकही गाणं नाही.

थोडी पार्श्वभूमी. इमिजिएट १९६५ मधे अँड्र्यू लूग ओल्डहॅम आणि टोनी काल्डर यांनी सुरू केली. ओल्डहॅम म्हणजे रोलिंग स्टोन्सचा मॅनेजर. त्याने घरचा प्रोड्यूसर म्हणून जिमी पेजला घेतलं, तेव्हा पेज एकवीस वर्षांचा, रोज दुसऱ्यांच्या रेकॉर्डिंगची दोन दोन तीन तीन सेशन्स वाजवणारा, ज्याचं नाव रेकॉर्डवर कधी छापलं जात नव्हतं असा वादक. त्याच वर्षी मार्चमधे क्लॅप्टनने यार्डबर्ड्स सोडली कारण बँड पॉपकडे चालली होती, एप्रिलमधे तो जॉन मेयॉलच्या ब्लूजब्रेकर्समधे गेला, आणि यार्डबर्ड्समधल्या रिकाम्या जागेवर पेजने स्वतः न जाता जेफ बेकचं नाव सुचवलं. तिघंही लंडनच्या दक्षिणेकडच्या सरे भागातले, रिप्ली, वॉलिंग्टन आणि एप्सम, एकमेकांपासून फार लांब नाहीत.

आता मुद्द्याचं. ब्लूजब्रेकर्सची एक सिंगल पेजने इमिजिएटसाठी केली, 'आय अ‍ॅम युअर विचडॉक्टर' आणि मागच्या बाजूला 'टेलिफोन ब्लूज'. ऑक्टोबर १९६५ मधे ती आली तेव्हा क्लॅप्टन मेयॉलला सोडून मित्रांबरोबर ग्रीसला गेलेला होता, आणि रेकॉर्ड फार कोणी घेतलीही नाही. पण त्यात क्लॅप्टन एक सूर लावतो आणि तो सूर संपतच नाही, अँपमधून (अँप्लिफायर, गिटारचा आवाज मोठा करणारं यंत्र) परत तारेत, तारेतून परत अँपमधे असा घुमत राहतो. पेजने नंतर मुलाखतींमधे सांगितलंय की इंजिनियरने सेशन मधेच थांबवलं, हा गिटारवाला रेकॉर्ड करण्यासारखा नाही असं त्याचं म्हणणं पडलं, आणि पेजला सांगावं लागलं की तू घे, जबाबदारी माझी.

माझं म्हणणं एवढंच आहे की या संकलनाची खरी किंमत त्या तीन नावांत नाही, गिटार मागच्या रांगेतून उठून गाणाऱ्याच्या शेजारी येऊन उभी राहिली ते एक दीड वर्ष यात सापडतं, यात आहे. आणि ते ऐकू यायचं तर गाणी छापलेल्या क्रमाने ऐकून चालत नाही. त्यावर खाली लिहीनच, आधी तुमची मतं येऊ देत.

ओढलेली_तार

वा, वाचनखूण साठवली. मी स्वतः गिटार वाजवतो म्हणून त्या सुराबद्दल थोडं.

वॉल्व्हच्या, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणाऱ्या अँपचा आवाज एका मर्यादेपर्यंत वाढवला की नुसता मोठा होतो. त्याच्या पुढे नेला की वॉल्व्हला तेवढी लाट पेलवत नाही, लाटेचं डोकं कापलं जातं आणि त्यातून मूळ सुरावर आणखी वरचे सूर चढतात, आवाज जाड होतो. दुसरी गोष्ट, जोरात छेडलेला आणि हळू छेडलेला सूर यातला फरक कमी होतो, त्यामुळे तार विझत आली तरी कानाला सूर तेवढाच भरलेला वाटतो. यालाच आपण सस्टेन म्हणतो. आणि स्पीकर एवढा मोठा वाजत असेल तर त्याच्या हवेच्या धक्क्याने तार परत हलायला लागते, तो फीडबॅक. त्या काळच्या स्टुडिओंमधे हे सगळं चूक म्हणूनच शिकवलेलं, काटा लाल भागात गेला की हात पुढे जाणारच. इंजिनियरला दोष देण्यात अर्थ नाही, त्याला स्वच्छ आवाज घेण्याचाच पगार होता.

पुढच्याच वर्षी हा आवाज पूर्ण फुलला तो मेयॉलच्या ज्या एलपीच्या कव्हरवर क्लॅप्टन 'बीनो' कॉमिक वाचत बसलाय त्यावर. २२ जुलै १९६६. गिब्सन लेस पॉल गिटार, मार्शलचा दोन बारा इंची स्पीकरवाला कॉम्बो अँप, प्रोड्यूसर माइक व्हर्नन, इंजिनियर गस डजन, डेकाचा वेस्ट हॅम्पस्टेडचा स्टुडिओ. तिथेही अँप कमी करणार नाही, माइक लांब ठेवा म्हणून क्लॅप्टन अडून बसला. ती एलपी इंग्लंडात सहाव्या नंबरपर्यंत गेली. त्यामुळे विचडॉक्टर ऐकताना मला कायम वाटतं की आपण बीनोच्या आधीचं पान वाचतोय.

आणि 'टेलिफोन ब्लूज' कोणी गाळू नका. संथ आहे, बारा बारचं (बार म्हणजे ठोक्यांचा एक गट) एकच आवर्तन फिरत राहतं आणि सोलोत क्लॅप्टन एकेक तार अशी ओढतो की स्वर जागेवर पोचायच्या आधी आपण श्वास धरून असतो.

शांतरस

लेख आवडला, माहितीही भरपूर, पण एक गोष्ट खटकली ती लिहिते. 'व्हाइट बॉय ब्लूज' हे नाव मला कधीच पटलं नाही, आणि धाग्यात त्यावर काहीच नाही. यातलं जे काही आहे ते आलं कुठून? क्लॅप्टनने लेस पॉल घेतली तीच मुळी अमेरिकन कृष्णवर्णीय ब्लूजवाल्या फ्रेडी किंगच्या एलपीच्या कव्हरवर त्याच्या हातात बघून. बीनोवरचं पहिलं गाणं 'ऑल युअर लव्ह' ओटिस रशचं, तोही तसाच. या संकलनात सॅव्हॉय ब्राउन ही लंडनची बँड जे 'कान्ट क्विट यू बेबी' वाजवते ते विली डिक्सनने लिहिलेलं, ओटिस रशने १९५६ मधे शिकागोच्या कोब्रा कंपनीसाठी गायलेलं, आणि तेच गाणं १९६९ मधे पेज त्याच्या पुढच्या बँडच्या, लेड झेपेलिनच्या पहिल्या एलपीवर घेतो. 'ट्रिब्यूट टू एल्मोर' मधला एल्मोर म्हणजे अमेरिकन ब्लूजवाला एल्मोर जेम्स, जो १९६३ मधे गेला, लंडनची ही पोरं आपल्या नावाने वाजवतायत हे त्याला बघायला मिळालं नाही.

आणि नुसत्या माहितीच्या अंगानेही ते नाव चूक आहे. सुरुवातीच्या सॅव्हॉय ब्राउनचा गायक ब्राइस पोर्शियस कृष्णवर्णीय होता. कव्हर बनवणाऱ्यांनी आतलं गाणं ऐकलं असतं तर हे नाव दिलं नसतं.

रीळवाला

शांतरस, तुमचा मुद्दा धाग्यात हवाच होता, आला ते बरं झालं. त्यात एक भर घालतो. ही पोरं ब्लूज शिकली ती दोन वाटांनी. एक म्हणजे अमेरिकेतून मागवलेल्या नाहीतर पाय इंटरनॅशनलने इंग्लंडात काढलेल्या चेस कंपनीच्या रेकॉर्ड्स. दुसरी वाट म्हणजे प्रत्यक्ष माणसं. क्रिस बार्बर हा खरं तर जॅझवाला, ट्रॉम्बोन वाजवायचा, पण शिकागोच्या ब्लूजवाल्या मडी वॉटर्सला १९५८ मधे इंग्लंडात आणलं ते त्याने, सिस्टर रोझेटा थार्पला त्याच्या आदल्या वर्षी. मग १९६२ पासून अमेरिकन फोक ब्लूज फेस्टिव्हल युरोपभर फिरायला लागला, माउथ ऑर्गनवाला सनी बॉय विल्यमसन तर मागे राहून यार्डबर्ड्सबरोबर वाजवत होता, आणि त्या यार्डबर्ड्समधे तेव्हा क्लॅप्टन होता, अठरा वर्षांचा. म्हणजे गुरू समोर उभा होता. संकलनाच्या कव्हरवर या गुरूंपैकी एकाचंही नाव नाही ही त्याची मोठी उणीव आहे, पूर्ण सहमत.

नाना_गिरगाव

क्रिस बार्बरचं नाव निघालं म्हणून लिहायला बसलो. या लोकांच्या आधी अलेक्सिस कॉर्नर आणि सिरिल डेव्हिस ही जोडी होती, त्यांना वगळून ही गोष्ट सांगता येत नाही. सोहोच्या वॉर्डर स्ट्रीटवर राउंडहाउस नावाच्या पबच्या वरच्या मजल्यावर त्यांचा ब्लूज क्लब होता, तिथे सुरुवातीला विजेची गिटार नव्हतीच. सिरिल डेव्हिसचा व्यवसाय मोटारींच्या पत्र्याच्या कामाचा, आणि माउथ ऑर्गन असा वाजवायचा की आजही ऐकताना अंगावर काटा येतो. त्याला शिकागोचाच ब्लूज हवा होता, त्यात सॅक्सोफोन घुसवलेले चालत नसत, म्हणून कॉर्नरपासून वेगळा होऊन त्याने स्वतःची ऑल स्टार्स बांधली. जानेवारी १९६४ मधे गेला, पस्तिशीही गाठली नव्हती.

रीळवाला, तुमच्या संकलनात 'ऑल स्टार्स विथ जेफ बेक' आणि 'ऑल स्टार्स विथ जिमी पेज' असं जे छापलेलं असतं ती बँड या सिरिलचीच, त्याच्या माघारी उरलेली. पियानोवर निकी हॉपकिन्स, ड्रमवर कार्लो लिटल, बेसवर क्लिफ बार्टन. कव्हरवर नाव पाहुण्याचं आणि घरचे आत बारीक अक्षरात. निकी हॉपकिन्स पुढे स्टोन्सच्या किती तरी रेकॉर्ड्सवर वाजला. तरुण मंडळींनी त्या गाण्यांत एकदा गिटार सोडून नुसत्या पियानोकडे कान लावावा ही विनंती.

ईलिंगकर

नाना, किती छान लिहिलंत! मी ईलिंगलाच राहते म्हणून राहवलं नाही. कॉर्नर आणि डेव्हिसने १७ मार्च १९६२ ला जो क्लब सुरू केला तो ईलिंग ब्रॉडवे स्टेशनच्या अगदी समोर, रस्त्यावरून पायऱ्या उतरून तळघरात. आता तिथे पाटी लावलेली आहे. इतकी दमट जागा होती की गर्दी झाली की छतावरून पाणी ठिबकायचं, आणि माइकवर, अँपवर पाणी पडू नये म्हणून स्टेजच्या वर कापड ताणून बांधत. पुढे स्टोन्स झालेल्या ब्रायन जोन्स, मिक जॅगर आणि कीथ रिचर्ड्स यांची भेट इथलीच. इथली रोजची माणसं समोरून बॅगा घेऊन जातात, ज्यांना माहीत आहे ते एखादा क्षण थांबतात. मी येणाऱ्या प्रत्येक मराठी पाहुण्याला टॉवर ब्रिजच्या आधी तिथे नेते.

एक प्रश्न, या सगळ्यात एकही बाई नाही का?

रीळवाला

आहे की! जो-अ‍ॅन केली. संकलनात तिची गाणी आहेत आणि माझ्या मते ती सगळ्यात कमी ऐकली जातात. अकूस्टिक गिटार, बरोबर दुसरं कोणी नाही, आणि आवाज असा की डोळे मिटून ऐकलं तर दक्षिण लंडन वाटणारच नाही, मिसिसिपीच वाटेल. १९९० मधे गेली, फक्त सेहेचाळीस वर्षांची होती. तिच्याच बरोबरीने टी. एस. मॅकफी म्हणजे टोनी मॅकफी, ग्राउंडहॉग्जवाला, त्याची गाणीही यात आहेत, आणि फ्लीटवूड मॅकचा जेरेमी स्पेन्सरही. या तिघांसाठी तरी मूळ मालिका शोधा असं मी सांगीन, कारण नंतरच्या तीन नाववाल्या संकलनांनी काढून टाकले ते नेमके हेच लोक.

अर्धा_सूर

मी नवीन आहे, चुकलं तर सांभाळून घ्या. स्ट्रीमिंगवर क्लॅप्टन आणि पेजच्या नावावर 'चोकर', 'फ्रेट लोडर', 'माइल्स रोड', 'ड्रॅगिन माय टेल' अशी गाणी दिसतात, ती मला जरा अर्धवटच वाटली, म्हणजे सुरुवात नाही शेवट नाही नुसतं वाजवत बसलेत, आणि आवाजही बाकीच्यांपेक्षा कसातरीच. हे असं का? आणि ही ऐकायची का सोडायची?

रीळवाला

छान प्रश्न, आणि कान बरोबर आहे तुझा. ती स्टुडिओतली नाहीतच. क्लॅप्टन एप्समला पेजच्या आईवडिलांच्या घरी आला होता, दोघांनी नेहमीचा ब्लूजचा साचा धरून गिटारी छेडल्या आणि पेजने घरच्या टेप रेकॉर्डरवर ते धरून ठेवलं. दोन मित्रांची बैठक, विकण्यासाठी नव्हतीच. पण पेज इमिजिएटशी कराराने बांधलेला, कंपनीला टेपचा पत्ता लागला आणि त्यांनी सांगितलं की हे आमचं. मग कंपनीने त्यावर बिल वायमनचा बेस, चार्ली वॉट्सचे ड्रम, इयन स्टुअर्टचा पियानो, मिक जॅगरचा माउथ ऑर्गन असं मागाहून चढवलं. ओल्डहॅम स्टोन्सचा मॅनेजर होता, माणसं हाताशीच होती. क्लॅप्टन आणि पेजमधे यावरून बराच दुरावा आला, आणि पेजने पुढे अनेकदा सांगितलंय की ते बाहेर यावं असं त्याला वाटत नव्हतं.

ऐकायची का? हो, ऐक. या टेपांमधे तो मोठा अँप नाही, स्टुडिओ नाही, गाणारा नाही. त्यामुळे बोटं उघडी पडतात. क्लॅप्टन एक वाक्य बोलतो आणि मग गप्प बसतो, जागा सोडतो, आणि पेज ती जागा कशी भरायची ते शोधत राहतो. लाऊड आवाजाच्या जोरावर हे लोक मोठे झाले असं ज्यांना वाटतं त्यांना मी हीच गाणी ऐकवतो. मागाहून चढवलेला बेस आणि ड्रम मात्र कुठे कुठे उपरे वाटतात, तिथे तुझं कसंतरीच बरोबर आहे.

ओढलेली_तार

इथे मी थोडा असहमत. मित्रांची खाजगी बैठक त्यांच्या मनाविरुद्ध विकली गेली, ती आपण रस घेऊन ऐकावी का, हा प्रश्न मला पडतो. वादक म्हणून सांगतो, घरी वाजवताना आपण मुद्दाम वेडंवाकडं वाजवून बघतो, ते कोणी बाजारात नेलं तर मला सहन होणार नाही.

शांतरस

मला वाटतं ऐकावं, पण काय ऐकतोय ते माहीत असावं. राग कव्हरचा येतो, टेपचा नाही. टेपवर प्रामाणिकपणे 'घरची बैठक, १९६५' एवढं लिहिलं असतं तर ऐकणाऱ्याने त्या मापानेच ऐकलं असतं, अर्धा_सूर यांना अर्धवट वाटलंच नसतं.

नाना_गिरगाव

शांतरसशी सहमत. आपल्याकडेही बुवांच्या घरच्या बैठकींची रेकॉर्डिंग्ज हातोहात फिरत आलीच की, आणि कित्येकदा मैफिलीत न सापडलेली जागा तिथे सापडते. पण ती फिरवणारे कौतुकाने फिरवत.

अर्धा_सूर

धन्यवाद सगळ्यांना, आता परत ऐकतो. रीळवाला, तुम्ही वर क्रमाचं म्हणालात ते सांगाल का? आणि अवांतर, या लोकांचा मुंबईशी काही संबंध आहे का, पेज आणि प्लांट कुलाब्यात वाजवून गेले असं काकांकडून ऐकलंय.

नाना_गिरगाव

काका खरं सांगतात. १९७२ मधे पेज आणि झेपेलिनचा गायक रॉबर्ट प्लांट मुंबईत आले होते, इथल्या वादकांना घेऊन स्टुडिओत झेपेलिनची 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' ही दोन गाणी रेकॉर्ड केली, आणि कुलाब्याच्या स्लिप डिस्क या डिस्कोमधे रात्री वाजवलं. ती मुंबईची रेकॉर्डिंग्ज अधिकृतपणे बाहेर यायला २०१५ उजाडलं. आणि मेयॉल स्वतः २०१८ मधे महिंद्रा ब्लूज महोत्सवाला वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत वाजवून गेला, चौऱ्याऐंशीव्या वर्षी. २०२४ मधे गेला तो २२ जुलैला, बीनो एलपी ज्या तारखेला आली तीच तारीख.

रीळवाला

क्रम सांगतो, हा माझा, तुमचा वेगळा असू शकतो.

आधी सिरिल डेव्हिसचं 'समडे बेबी'. इथे माउथ ऑर्गन राजा आहे, गिटार मागे ठेका सांभाळते. मग ऑल स्टार्सची बेक आणि पेजबरोबरची गाणी, 'चकल्स' आणि 'एल. ए. ब्रेकडाउन'. बँड जवळपास तीच, पण आता गाणारा नाही आणि गिटार बोलायला लागली आहे, अजून स्वच्छ आवाजात, अजून जरा दबकत. बेक मात्र तेव्हाही दबकत नाही, वाक्याच्या मधेच काहीतरी भलतंच करून परत जागेवर येतो, ही त्याची खोड शेवटपर्यंत राहिली. नंतर विचडॉक्टर लावा, आणि आवाज मुद्दाम मोठा ठेवा. तो लांब सूर आला की फरक कोणी समजावून सांगायची गरज उरत नाही. लगेच टेलिफोन ब्लूज. मग एप्समच्या घरच्या टेपा, सगळ्या एकदम नकोत, कंटाळा येईल, 'ड्रॅगिन माय टेल' आणि 'ट्रिब्यूट टू एल्मोर' पुरे. मग सॅव्हॉय ब्राउन, कारण तिथे ही भाषा पुढच्या पोरांनी उचललेली दिसते, त्यांचा गिटारवाला किम सिमंड्स तेव्हा विशीतही नव्हता. शेवटी जो-अ‍ॅन केली. आणि शांतरस यांच्यासाठी, खरं तर सगळ्यांसाठीच, प्रत्येक दोन गाण्यांमधे एक मूळ लावा, ओटिस रश, फ्रेडी किंग, एल्मोर जेम्स. मी असंच ऐकतो.

ईलिंगकर

'सॅन्टा बार्बरा मशीन हेड' नावाची बँड पण यात आहे ना? ती तुमच्या यादीत दिसली नाही.

रीळवाला

आहे, 'पॉर्क्युपाइन ज्यूस' आणि आणखी दोन. ब्लूज फारसा नाही म्हणून यादीत घेतली नाही, पण माणसं बघा, गिटारवर रॉनी वूड आणि ऑर्गनवर जॉन लॉर्ड. एक पुढे स्टोन्समधे गेला, एक डीप पर्पलमधे. लॉर्डचा ऑर्गन इथेच गुरगुरायला लागलेला आहे, त्यावर वेगळा धागा काढतो.

ओढलेली_तार

काढाच. तोपर्यंत मी टेलिफोन ब्लूजचा सोलो बसवायला घेतलाय, जमला की इथे टाकतो.